संजाणचा ताजिक आणि देवीचा मठ

चिंचणीला बहुतेक लोक जातात ते समुद्रासाठी. वाणगावला उतरायचं, रिक्षा पकडायची, सुरूच्या झाडांखाली बसायचं, काहीतरी चरत सूर्य बुडताना बघायचा आणि परतीची गाडी गाठायची. माझ्या डोक्यात मात्र चिंचणी म्हटलं की तांब्याचे पत्रे येतात. १९५५ साली या गावात नऊ ताम्रपत्रं सापडली, त्यांच्यावर पाच वेगवेगळे लेख आहेत, आणि त्यातला सगळ्यात जुना शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. शिवाजी महाराजांच्या सातशे वर्षं आधीचा. ज्ञानेश्वरीच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा.

त्यात काय लिहिलंय ते एकदा नीट ऐका. राज्य राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राचं. त्याच्या वतीने संयान मंडलावर, म्हणजे आजच्या संजाण-डहाणू पट्ट्यावर (संजाण आता गुजरातच्या हद्दीत), कारभार बघणारा माणूस आहे मधुमती. हे संस्कृतात बसवलेलं मुहम्मद. बापाचं नाव सहियारहार, म्हणजे शहरियार. त्याला सुगतिप असंही म्हणतात. जात, कूळ वगैरे सांगताना लेख म्हणतो ताजिक, म्हणजे अरब-इराणकडचा. नेमणूक केलेली आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने. आणि हा मुहम्मद, राजाच्या संमतीने, एक अख्खं गाव आणि शेजारच्या दुसऱ्या गावातली थोडी जमीन दान देतोय. कुणाला? संजाणात अण्णैय्या नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठाला. पैसे कशासाठी? मठाची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तिथल्या महापर्षदेतल्या, म्हणजे विद्वानांच्या सभेतल्या, नऊ जणांचं जेवण.

अजून आहे. याच मधुमतीने दोन नद्यांवर लोकांना पार करायला फुकट नावा ठेवल्या होत्या आणि संजाणात एक अन्नसत्र चालवलं होतं, तिथे साळीचा भात, वरण आणि तूप मिळायचं, तेही फुकट. तूप! म्हणजे दहाव्या शतकात संजाणला उतरलेला कुणी वाटसरू एका मुसलमान गव्हर्नरच्या खर्चाने वरणभात-तूप खाऊन पुढे जायचा.

असा मजकूर कुणी ग्रुपवर टाकला की रिप्लाय दोनच प्रकारचे येतात हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. एक पार्टी हात जोडलेले इमोजी टाकते आणि बघा बघा किती सलोखा होता म्हणून गहिवरते, दुसरी पार्टी म्हणते बघा तेव्हापासूनच आपले राजे कसे भोळे, परक्याच्या हातात किनारा दिला. मला दोन्ही वाचून जांभई येते. कारण ताम्रपट वाचला तर त्यात गहिवर पण नाही आणि विश्वासघात पण नाही, त्यात हिशोब आहे. गाव कुठलं, चतुःसीमा काय, उत्पन्न कुणाचं, जेवणार कोण. आणि खरी मजा त्या हिशोबात आहे, म्हणजे हा माणूस त्या खुर्चीवर बसलाच कसा, हा प्रश्न घेतला की अख्खा मध्ययुगीन आशिया त्यातून उलगडत जातो, बगदादपासून राष्ट्रकूटांच्या मळखेडपर्यंत.

सुरुवात वाऱ्यापासून करू. आपल्या किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट समुद्रात कुणी जात नाही, कोळीवाड्यात कुणालाही विचारा. नारळी पौर्णिमा होईपर्यंत होड्या वर ओढलेल्या. हजार वर्षांपूर्वी पण हेच होतं, फक्त तेव्हा इंजिन नव्हतं त्यामुळे जहाज कधी निघणार हे मालक ठरवायचा नाही, वारा ठरवायचा. इराणच्या आखातातल्या सिराफहून, बसऱ्याहून, ओमानहून निघालेली जहाजं नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या शेपटीला धरून इकडे यायची आणि परत जायला थंडीतल्या ईशान्य वाऱ्याची वाट बघायची. मधले महिने इथेच. माल विकायला, माल गोळा करायला उशीर झाला, वारा चुकला, की वर्ष गेलं.

आणि जहाजं तरी कसली! खिळा नावाची गोष्टच नाही. फळ्यांना भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, भेगा बुजवायच्या, वरून माशाचं तेल फासायचं. त्या काळचे अरब लेखक सांगतात की ओमानचे लोक नारळाच्या बेटांवर जाऊन तिथेच झाडं तोडायचे, त्याच झाडाच्या फळ्या, त्याच झाडाचा काथ्या, त्याचंच शीड, आणि बांधून झालेल्या जहाजात भरायचे काय तर नारळ. मला हा प्रकार फार आवडतो, अख्खं जहाज आणि त्यातला माल एकाच झाडाचा. पण मोठ्या जहाजांना सागवान लागायचं आणि सागवान आखातात उगवत नाही, ते आपल्याकडच्या जंगलातून जायचं. सिराफमधली श्रीमंतांची घरं सुद्धा सागवानाची असायची. म्हणजे तिकडच्या माणसाला जहाज बांधायचं तरी इकडे यावं लागायचं, आणि बांधलेलं जहाज घेऊन परत इकडेच.

सागवानावरून आठवलं. नवव्या शतकातला बलाझुरी नावाचा इतिहासकार एक किस्सा देतो. खलिफा मामूनच्या काळात फझल बिन माहान नावाच्या माणसाने सिंदान जिंकलं, खलिफाला हत्ती पाठवला, तिथे जामा मशीद बांधली. हे सिंदान म्हणजे आपलं संजाण असं बरेच अभ्यासक धरतात. फझलनंतर सत्ता आली त्याच्या मुलाकडे, मुहम्मदकडे. मग नेहमीचं, मुहम्मद मोहिमेवर गेला आणि मागे भावाने सत्ता बळकावली. या भावाने खलिफा मुतसिमला सागाचा एक ओंडका पाठवला, एवढा लांब आणि जाड की तसा कुणी पूर्वी पाहिलाच नव्हता म्हणे. भांडणं झाली, आणि शेवटी इथल्या लोकांनी गाव परत घेतलं. पण मशीद त्यांनी पाडली नाही, मुसलमानांना नमाजाला ठेवली. जिंकणारे हाकलले, राहणारे राहू दिले. हा फरक त्यांना कळत होता, कारण राहणाऱ्यांशी त्यांचा रोजचा संबंध होता, त्यांच्या मालावर बंदराची जकात चालायची.

आता विचार करा, दरवर्षी शेकडो परदेशी पुरुष तुमच्या गावात महिनोन् महिने अडकून पडणार. ते जेवणार, आजारी पडणार, उधारी करणार, भांडणार, लग्न करणार, मरणार. त्यांचा वारसा कुणाकडे जाणार, चोरी केली तर शिक्षा कुणाच्या कायद्याने, मेल्यावर पुरायचं कुठे? ही सगळी सरकारी कामं आहेत आणि ती वाऱ्याने निर्माण केलीत. आपण इतिहास वाचताना धर्म आधी घेतो, व्यापार नंतर. किनाऱ्यावर क्रम उलटा होता असं माझं मत आहे. आधी थांबणं आलं. थांबण्यातून वस्ती झाली, वस्तीतून मशीद आणि काजी आले, आणि त्यातून कधीतरी मधुमती आला.

याचा पुरावा चौलला आहे. हो, तेच अलिबागजवळचं चौल, रेवदंड्याला लागून असलेलं, आता नारळी-पोफळीच्या वाड्यांत झोपलेलं. अरब त्याला सैमूर म्हणायचे. हिजरी ३०४ ला, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, मसऊदी नावाचा बगदादचा फिरस्ता इथे येऊन गेला. म्हणजे आपला मधुमती संजाणवर बसला होता त्याच काळात. मसऊदी लिहितो की चौलला सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत, आणि बयासिरा आहेत, म्हणजे इथेच जन्मलेले, मुसलमान आईबापांची मुलं. ज्यांनी बसरा कधी बघितलंही नसेल अशी चौलची पोरं. ती घरात कुठली भाषा बोलत असतील, या विचाराने मी कधीकधी हैराण होतो.

या दहा हजारांवर एक प्रमुख असायचा, त्याच्या पदाला हुनरमा म्हणायचे. मसऊदीच्या वेळी अबू सईद मारूफ बिन झकरिया. हा माणूस मुसलमानच, पण नेमणार इथला राजा. मुसलमानांचे तंटे तो मुसलमानी कायद्याने सोडवायचा, आणि त्याचा अधिकार येतो कुठून तर कोकणातल्या शिलाहार घराण्याच्या राजाकडून. राजाचं नाव मसऊदीने बरोब्बर टिपलंय, झंझ. हाच तो झंझ ज्याने बारा शिवमंदिरं बांधली असं शिलाहारांचे लेख सांगतात. कट्टर शिवभक्त, आणि त्याच्याच सहीशिक्क्याने चौलच्या मुसलमानांना न्यायाधीश मिळतो. त्याला यात काही विसंगत वाटत असेल असं दिसत नाही. राजाचं काम व्यवस्था लावणं, पूजा हा त्याचा स्वतःचा मामला.

झंझच्या वर राष्ट्रकूट. त्यांना अरब बल्हारा म्हणायचे, वल्लभराज वरून. ८५१ च्या सुमाराची एक अरबी नोंद म्हणते की जगात मोठे राजे चार, बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा, म्हणजे बायझंटाईन, बादशहा आणि बल्हारा. आणि अरबांवर बल्हाराएवढी माया करणारा राजा हिंदुस्थानात दुसरा नाही. माया वगैरे ठीक आहे, पण माया फुकट नसते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात. समुद्रापासून किती लांब बघा, मध्ये सगळा दख्खनचा पठार आणि मग घाट. तिकडे बसून संजाणच्या खाडीत कुठलं जहाज शिरलं आणि त्याने जकात भरली की नाही हे कळणार कसं? त्यात उत्तरेला प्रतिहार घराण्याशी पिढ्यान् पिढ्यांचं वैर, लढाईला घोडे हवेत, चांगले घोडे येणार समुद्रावरून. मग किनारा कुणाच्या हातात द्यायचा? ज्याला जहाजं कळतात, ज्याला नाखुदांची, म्हणजे जहाजाच्या कप्तानांची, भाषा येते, ज्याचे नातेवाईक सिराफला बसलेत, त्याच्या.

ताम्रपटातलं एक वाक्य म्हणूनच मला फार महत्त्वाचं वाटतं. मधुमतीने आजूबाजूच्या सगळ्या बंदरांच्या नायकांना जिंकून घेतलं आणि तिथे आपली माणसं बसवली, स्वामीसाठी. म्हणजे हा काही नुसता पगारी दानशूर नव्हता. त्याने छोटे छोटे बंदरवाले मोडून सगळी जकात एका हाताखाली आणली. अन्नसत्र आणि फुकट नावा त्याच्याच पुढची पायरी. नदीवर नाव फुकट केली की आतल्या गावांचा माल आणि माणूस दुसऱ्या बंदराकडे न वळता तुमच्याकडे येतो. मसऊदी सांगतो की गुजरातेतल्या खंबायतचे जोडे नावाजलेले होते आणि तसे संजाण-सोपाऱ्याकडेही बनायचे. आता हे जोडे, तांदूळ, सागवान, बांबू हे सगळं खाडीपर्यंत पोचायला नदी ओलांडावी लागतेच की. पुण्य मिळालं तर मिळालं, धंदा तर नक्की वाढला.

आणि देवीचा मठ? तिथेच मला वाटतं हा माणूस खरा हुशार होता. अण्णैय्याने मठ बांधला, अण्णैय्या मंत्री पुव्वैय्याचा मित्र, दान द्या ही मागणी त्या बाजूने आलेली. परदेशी वंशाच्या गव्हर्नरला गावातल्या शिकलेल्या, वजनदार लोकांची साथ हवी असते आणि ती भाषणं देऊन मिळत नाही. त्यांच्या देवीच्या नैवेद्याची कायमची सोय लावली की मिळते. याचा अर्थ त्याच्या मनात श्रद्धा-आदर काही नव्हतं असं मी म्हणत नाही, त्याच्या मनात काय होतं ते ताम्रपट सांगत नाही. तो फक्त नऊ जणांचं जेवण सांगतो.

मठाची पुढची गोष्ट तर अजून भारी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. काही वर्षं गेली, तिसऱ्या कृष्णाचं राज्य आलं. तोवर राजस्थानातल्या भिल्लमाळचे, म्हणजे भीनमाळचे, व्यापारी संजाणात येऊन स्थिरावले होते आणि त्यांनी आपल्या गावच्या नावाने देऊळ घातलं होतं, भिल्लमाळदेव. आणि मग काय व्हायचं ते झालं, देवळाची आणि मठाची जागेवरून जुंपली. हद्दीचा वाद! म्हणजे अरब गव्हर्नरशी मठाचं छान जमलं आणि कटकट झाली ती मारवाडातून आलेल्या विष्णुभक्तांशी. तोडगा निघाला तो असा, की देवळाच्या कारभाऱ्यांनी मठाला दरवर्षी दिवाळीला चाळीस द्रम्म, म्हणजे त्या वेळची नाणी, द्यायचे. भाडंच म्हणा. हजार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत संजाणला कुणीतरी थैली घेऊन तोंड पाडून मठाच्या दारात उभं राहिलं असणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

९७३ मध्ये राष्ट्रकूट संपले. चालुक्य आले, कोकणात शिलाहार आपापले मोठे झाले. मठ तिथेच. १०३४ च्या लेखात चित्तराज शिलाहाराचा मांडलिक चामुंडराज मठाला एक तेलाचा घाणा देतो, देवीच्या दिव्याला तेल आणि विद्वानांच्या पायाला चोळायला तेल. हो, पायाला. चालून चालून आलेल्या माणसाला संजाणच्या दमट हवेत तेल चोळून घेणं ही किती मोठी गोष्ट असेल! आणि या लेखात गावातल्या प्रतिष्ठितांची जी नावं येतात त्यात आहेत अल्लीय, महर आणि मधुमत. म्हणजे अली आणि मुहम्मद. शंभर वर्षांनी राजा बदललाय, गव्हर्नर हिंदू आहे, पण देवीला घाणा देताना साक्षीला कुणी ना कुणी मुहम्मद आहेच. त्याच लेखात हंजमन म्हणून एक गट येतो, तो बहुधा पारशांच्या अंजुमनचा, म्हणजे त्यांच्या पंचायतीचा, उल्लेख. पारशी लोक संजाणला उतरले ही कथा आपल्याला माहीत असते, दुधात साखर वगैरे, ती साखरेची गोष्ट १५९९ च्या मूळ 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात नाहीच म्हणा. पण २००२ पासून संजाणला जे उत्खनन झालं त्यात त्यांचं दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवायची जागा, सापडलं, आणि सोबत पश्चिम आशियाची निळसर झिलईची भांडी आणि चिनी भांड्यांचे तुकडे. एवढ्याशा खाडीवर.

हा सगळा काही संजाणचा अपवाद असेल असं वाटत असेल तर जरा दक्षिणेला गोव्यात चला. कदंबांचा राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला होता आणि वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. त्याला मदत केली मदुमद नावाच्या एका श्रीमंत ताजिकाने. राजघराण्याने हा उपकार लक्षात ठेवला. मदुमदाचा नातू छड्डम पुढे पहिल्या जयकेशीच्या दरबारात मोठा अधिकारी झाला, त्याने गोव्याच्या गोपकपट्टण बंदरात मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर लावायची परवानगी राजाने दिली. अकराव्या शतकाच्या मध्यातली ही गोष्ट. शिवाच्या यात्रेवरचा राजा, त्याची मोडकी डोलकाठी, आणि त्यातून उभी राहिलेली मशीद. सिनेमात दाखवलं तर लोक म्हणतील फारच जुळवून आणलंय.

मुसलमान व्यापाऱ्यांनाच सवलती मिळायच्या असंही नाही. १०९४ चा खारेपाटणचा ताम्रपट बघा. शिलाहार अनंतदेव आपल्या दोन मंत्र्यांना, बलिपट्टणच्या दुर्गश्रेष्ठीच्या मुलांना, जकात माफ करतो. त्यांची जहाजं ठाणं, नागपूर नावाचं बंदर, सोपारा आणि चेमूल्य म्हणजे चौल इथे येतील-जातील तेव्हा काही घ्यायचं नाही. आडनाव श्रेष्ठी, हुद्दा मंत्री, मालकीची जहाजं, आणि टोलनाक्यावर कायमचा व्हीआयपी पास. यांचे प्रतिस्पर्धी हा हुकूम ऐकून काय म्हणाले असतील ते कुठल्या ताम्रपटात सापडणार नाही.

आता सगळं असं तुपातलं होतं का? अजिबात नाही. खंबायतची गोष्ट घ्या. औफी नावाचा लेखक तेराव्या शतकात लिहितो, पण घटना गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह सोळंकीच्या काळातली. खंबायतला दंगल झाली, मशीद जाळली, ऐंशी मुसलमान मारले गेले. मशिदीचा खतीब, म्हणजे प्रवचन देणारा, अली वाचला आणि दाद मागायला राजधानी पाटणला गेला, दरबारात त्याला कुणी पोचू देईना, तेव्हा त्याने शिकारीला निघालेल्या राजाला गाठून सगळी हकीकत चक्क तिथल्या भाषेत कविता करून ऐकवली. राजाने काय केलं, दरबाऱ्यांना सांगितलं की मी तीन दिवस अंतःपुरात आहे, मला भेटू नका, आणि रात्री सांडणीवर बसून वेष पालटून एकटा खंबायतला गेला, बाजारात हिंडला, लोकांना विचारलं. परत येताना समुद्राच्या पाण्याने एक भांडं भरून आणलं. दरबारात खतीबाची तक्रार आली तेव्हा मंत्री म्हणाले खोटं आहे, तेव्हा राजाने ते पाणी त्यांना प्यायला दिलं. खारट! मी स्वतः जाऊन आलोय, म्हणाला. दोषींना शिक्षा, मशीद बांधायला पैसे. औफी म्हणतो अशी गोष्ट मी दुसरी ऐकली नाही. मला यातलं ऐंशी मेलेले आणि खारट पाणी दोन्ही लक्षात ठेवावंसं वाटतं, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आपल्या ठाण्याचं तर विचारूच नका. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथून समुद्री चाचे निघतात आणि राजाचं त्यांच्याशी संगनमत आहे. करार असा, की लुटीतला बाकी माल तुमचा, पण जहाजावर घोडे मिळाले तर ते सगळे माझे. कारण घोड्यांशिवाय याचं सैन्य चालत नाही आणि हिंदुस्थानकडे येणारं जवळजवळ प्रत्येक जहाज घोडे आणतं. मार्को पोलो नाक मुरडतो, राजाला हे शोभत नाही म्हणतो. पण मला हा करार वाचून मधुमतीच आठवतो. तोच घोड्याचा हव्यास, तीच किनाऱ्याची अडचण, फक्त एका राज्याने नाखुद्यांमधल्या माणसाला गव्हर्नर केलं आणि दुसऱ्याने चोरांना पार्टनर. पहिल्याने जहाजं येत राहिली. दुसऱ्याने किती वर्षं आली असतील? व्यापारी मूर्ख नसतात, एक बंदर वाईट निघालं की वारा त्यांना दुसऱ्या बंदरात घेऊन जातोच. त्याच ठाण्यात १३२१ मध्ये चार ख्रिस्ती धर्मप्रचारक मारले गेले. तोवर यादव संपले होते, दिल्लीचा अंमल आला होता.

बोरिवलीला एकसरला वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड, वेळ मिळाला तर बघून या, देवळाच्या आवाराजवळ उभे आहेत. दगडावर जहाजं कोरलीत, एका ओळीत वल्ही, डोलकाठ्या, लढणारे, पाण्यात पडणारे. कुठली लढाई यावर वाद आहेत, बरेच जण म्हणतात १२६५ ची, महादेव यादव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांची, जिच्याबद्दल यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की सोमेश्वराने महादेवाच्या हाती सापडण्यापेक्षा समुद्रात बुडणं पत्करलं. घाटावरच्या राजाला किनारा हवा असतो तो असा. मधुमतीसारखा माणूस नेमून पण मिळतो, आणि असा बुडवून पण.

आणि योगायोग बघा, त्याच्या एकच वर्ष आधी, १२६४ ला, सोमनाथला एक लेख कोरला गेला. होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज, त्याने तिथल्या श्रीछाडा नावाच्या बड्या माणसाच्या मदतीने जागा घेतली आणि मशीद बांधली. कुठे, तर सोमनाथ पाटणला, गझनीचा महमूद जिथे येऊन गेला त्याच गावात. संस्कृत लेखाच्या सुरुवातीला देवाला विश्वनाथ म्हटलंय, शून्यरूप म्हटलंय, ती स्तुती अल्लाची. तारखा चार प्रकारे दिल्यात, हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१, म्हणजे ज्याला जी कालगणना कळते त्याने ती वाचावी. आपल्याकडेही आहे असं, अलिबागजवळ नागावच्या शिलालेखात हंबीरराव नावाचा राजा हिजरत ७६९ आणि शके १२८९ दोन्ही शेजारी शेजारी लिहितो, मराठीत.

सोमनाथच्या मशिदीला उत्पन्न काय लावून दिलं होतं? दोन दुकानं, आणि एक तेलाचा घाणा. दिव्याला तेल हवं ना. देखरेख करणार कोण त्याचीही यादी आहे, नाखुदे आणि खलाशांची जमात, घाणेवाले तेली, चुना लावणारे. खर्च भागून काही उरलं तर ते मक्का-मदिनेला पाठवायचं, असं संस्कृतात कोरून ठेवलंय.